क्रूझवर साथ आली तर: सॅनिटायझर नंतर, साबण आधी

उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की नाशिकमधल्या आमच्या मेडिकलवर एक ठरावीक यादी यायला लागते. मळमळीच्या गोळ्या, पोटाच्या गोळ्या, क्रोसिन, बँडेज आणि सॅनिटायझरच्या दोन-चार बाटल्या. कुठे निघालात विचारलं की उत्तर येतं, "क्रूझवर!" सिंगापूरहून सुटणारी तीन-चार रात्रींची क्रूझ आता ग्रुप टूरच्या पॅकेजात सर्रास असते. मुंबईहून गोव्याकडे, लक्षद्वीपकडे जाणारी जहाजं आहेतच. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं, तेव्हापासून तर कसारा घाट उतरला की जहाजच, असं लोकांना वाटायला लागलंय. चांगलं आहे, जावं. पण यादीतली सॅनिटायझरची बाटली सगळ्यात मोठ्या विश्वासाने घेतली जाते, आणि जहाजावरच्या सगळ्यात नेहमीच्या साथीत तिचाच उपयोग सगळ्यात कमी होतो, हे लोकांना कसं पटवावं हा माझा जुना प्रश्न आहे.

"सत्तर टक्केवालं द्या हं भाऊ, भारीतलं," असं म्हणणाऱ्या मावशींना मी बाटली देतो आणि सोबत कागदी साबणाची डबीही पुढे करतो. बहुतेक वेळा डबी काउंटरवरच राहते.

घोळ असा आहे की साथ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे फक्त कोरोना येतो. जहाजावर मात्र साथी तीन वेगवेगळ्या वाटांनी येतात. पहिली वाट हात आणि अन्न. दुसरी हवा. तिसरी पाण्याचे तुषार. एका वाटेवरचा उपाय दुसऱ्या वाटेवर फार चालत नाही. मास्क लावून बुफेचा चमचा धरला तर पोट वाचत नाही आणि हात रगडून धुऊन बंद लिफ्टमध्ये खोकणाऱ्यासोबत उभं राहिलं तर छाती वाचत नाही. कुठली साथ आहे हे आधी विचारायचं, मग उपाय ठरवायचा.

पोटाची साथ

जहाजांवर उलट्या-जुलाबांच्या साथीचं कारण सापडतं तेव्हा ते बहुतेकदा नोरोव्हायरस असतं. हा जहाजावर जन्मलेला आजार नाही. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉरवॉक गावच्या शाळेत उलट्यांची मोठी साथ आली होती. त्या साथीच्या नमुन्यांतून १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू पहिल्यांदा दिसला. शाळा, वृद्धाश्रम, हॉस्पिटलचे वॉर्ड, लग्नाची पंगत, जिथे माणसं एकत्र जेवतात आणि एकच संडास वापरतात तिथे तो असतो. अमेरिकेत नोंद होणाऱ्या नोरोच्या एकूण साथींपैकी जहाजांवरच्या साथी जेमतेम एक टक्का भरतात. मग बातम्या जहाजांच्याच का येतात? कारण अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांना आजारी माणसांचा आकडा कळवणं बंधनकारक आहे, अगदी तो शून्य असला तरी. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा, जहाज-स्वच्छतेचा कार्यक्रम १९७५ पासून चालू आहे. प्रवाशांपैकी किंवा कर्मचाऱ्यांपैकी ३ टक्के लोकांनी पोटाची तक्रार नोंदवली की ती साथ जाहीर यादीत येते. तीन हजार प्रवासी असतील तर नव्वद जण. हॉटेलात नव्वद जणांचं पोट बिघडलं तर ते नव्वद घरी परततात आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

भीतीचं माप योग्य राहावं म्हणून एक हिशेब सांगतो. सीडीसीच्याच नोंदींनुसार २००६ ते २०१९ या काळात प्रवाशांमधल्या पोटाच्या आजाराचं प्रमाण दर एक लाख प्रवास-दिवसांमागे (एका प्रवाशाचा जहाजावरचा एक दिवस म्हणजे एक प्रवास-दिवस) ३२.५ वरून १६.९ वर आलं. सात दिवसांच्या सफरीला हे लावून पाहिलं तर साधारण साडेआठशे प्रवाशांत एक जण आजारी म्हणून नोंदला जातो. न सांगता केबिनमध्ये पडून राहणारे यात नाहीत, तेव्हा खरा आकडा याहून जास्तच असणार. तरी घाबरून तिकीट रद्द करावं असा हा आकडा नाही. मात्र ज्या सफरीत साथ लागते तिथे ही सरासरी काही कामाची राहत नाही.

नोरो इतका चिवट का, हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. एकतर त्याला माणूस आजारी पाडायला १० ते १०० विषाणूकण पुरतात, आणि आजारी माणसाच्या एक ग्रॅम विष्ठेत ते अब्जावधी असतात. उलटी झाली की बारीक थेंब हवेत उडतात आणि आसपासच्या कठड्यावर, खुर्चीवर, गालिच्यावर बसतात. अशा पृष्ठभागांवर तो कित्येक दिवस तग धरतो. शरीरात शिरल्यावर १२ ते ४८ तासांत लक्षणं दिसतात. म्हणजे सोमवारी दुपारच्या जेवणात लागण झालेला माणूस मंगळवारी रात्री कोसळतो आणि दोष मंगळवारच्या संध्याकाळच्या पनीरला देतो. एक ते तीन दिवसांत बहुतेक जण बरे होतात, पण बरं वाटल्यावरही दोन आठवडे किंवा जास्त काळ विष्ठेतून विषाणू पडत राहतो.

आता सॅनिटायझरचं. कोरोना आणि फ्लूच्या विषाणूंभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं. अल्कोहोल ते आवरण मोडतं आणि विषाणू निकामी होतो, म्हणून २०२० मध्ये त्या बाटल्यांना अर्थ होता. नोरोला असं आवरणच नाही. त्याला बाहेरून प्रथिनांचं टणक कवच आहे आणि अल्कोहोल त्याचं फारसं काही बिघडवत नाही. साबण तरी त्याला मारतो का? नाही. साबण त्याला कातडीवरून सोडवतो आणि वाहतं पाणी त्याला घेऊन जातं. कोथिंबिरीच्या जुडीतली माती नळाखाली धरून चोळल्याशिवाय निघत नाही, तसंच हे. म्हणून साबण लावण्याइतकंच चोळणं महत्त्वाचं आणि चोळण्याइतकंच वाहतं पाणी. वीस सेकंद. अंगठी सरकवून तिच्याखाली, बोटांच्या बेचक्यांत, अंगठा मुठीत धरून गोल, आणि शेवटी नखं दुसऱ्या हाताच्या तळव्यावर घासून. बहुतेकांचे अंगठे आणि नखं कोरडीच राहतात, बेसिनपाशी उभं राहून पाहा. मग कागदी रुमालाने हात पुसायचे, त्याच कागदाने नळ बंद करायचा, त्याच कागदाने दाराची मूठ धरून बाहेर यायचं आणि मग कागद टाकायचा.

बुफेच्या दाराशी बहुतेक जहाजांवर हसतमुख कर्मचारी सॅनिटायझर फवारत उभे असतात. फवारून घ्या, काही बिघडत नाही. पण त्याआधी हात धुतलेले असू द्या. काही नव्या जहाजांवर बुफेच्या तोंडाशीच बेसिनं लावलेली आहेत. त्यांना वळसा घालून थेट डोशाच्या काउंटरकडे जाणारी मंडळी आपलीच असतात, हे नाइलाजाने लिहावं लागतंय.

चिवड्याचा डबा

सहलीच्या ग्रुपमध्ये एक गोष्ट हमखास असते आणि तिच्याबद्दल कुठल्याही परदेशी सूचनापत्रकात लिहिलेलं नसतं. संध्याकाळी डेकवर किंवा कुणाच्या तरी केबिनमध्ये सगळे जमतात, मोठा डबा उघडला जातो, आणि चिवड्यात पंधरा हात जातात. कुणीतरी नुकतंच कठड्याला धरून उभं होतं, कुणी लिफ्टचं बटण दाबलं होतं, कुणी नातवाचा डायपर बदलून आलं होतं. शेव, चकली, भाजलेले शेंगदाणे, सगळं हाताने. मला चिवड्याशी वैर नाही. डब्यात एक मोठा चमचा ठेवा, कागदी द्रोण न्या, एकाच माणसाने वाढा. आपल्याकडे बाटली ओठांना न लावता वरून पाणी पिण्याची सवय आहे, ती तेवढी जहाजावर सोडू नका. तिला कुणी गावंढळ म्हणालं तरी म्हणू द्या.

मोबाइलही असाच. फोटो काढायला तो सहा हातांतून फिरतो, मग गालाला लागतो, मग जेवणाच्या ताटाशेजारी पडतो. जेवायला बसायच्या आधी हात धुतले आणि मग मोबाइल हातात घेतला तर धुतलेले हात वाया गेले.

नाशिककराला गर्दी नवी नाही. सिंहस्थाची गर्दी आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहतो, आणि २०२७ चं शाहीस्नान जवळ येतंय म्हणून तयारीही चालू आहे. पण रामकुंडावरची गर्दी वाहती असते. माणूस येतो, डुबकी मारतो, निघतो. जहाजावरची गर्दी थांबलेली असते. तेच तीन हजार लोक, तेच जिने, तीच चिमट्याची मूठ, दिवसातून पाच वेळा, सलग चार-सहा दिवस. त्यात दर सफरीला प्रवासी बदलतात आणि कर्मचारी तेच राहतात, म्हणून एका सफरीतली साथ पुढच्या सफरीला लागू शकते. गर्दीच्या आकारापेक्षा हा पुन्हा पुन्हा होणारा स्पर्श जास्त नडतो.

साथीची लक्षणं दिसायला लागली की जहाज आपले नियम बदलतं आणि ते बदल ओळखता आले तर कुणी सांगायच्या आधी तुम्हाला कळेल. बुफेत तुम्ही हाताने घेत होता ते आता काउंटरमागचे कर्मचारी वाढायला लागतात. टेबलावरच्या मीठ-मिरीच्या बाटल्या गायब होतात. कठड्यांवरून फडकी दिवसभर फिरायला लागतात आणि क्लोरीनचा वास येतो. असं दिसलं की बुफे सोडून बसून वाढणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये जेवा, सार्वजनिक संडासाऐवजी आपल्या केबिनचा वापरा आणि फ्लश करण्याआधी झाकण लावा. जहाजावरचे संडास हवेच्या दाबाने ओढणारे असतात आणि त्यांचा झटका मोठा असतो. जहाजाच्या नळाच्या पाण्याला मात्र उगाच घाबरू नका. चांगल्या जहाजांवर ते समुद्राच्या पाण्यापासून बनवून किंवा बंदरातून भरून क्लोरीन घालूनच सोडतात. पाण्याची आणि बर्फाची काळजी बंदरावर उतरल्यावर जास्त घ्यायची: तिथे सीलबंद बाटली, बर्फ नको, कापून ठेवलेली फळं नकोत.

उलटी झाली तर

आधी हे ठरवा की बोट लागली की साथ लागली. बोट लागण्याची मळमळ जहाज हलतं तेव्हा वाढते, क्षितिजाकडे पाहिलं किंवा जहाजाच्या मध्यभागी खालच्या मजल्यावर आडवं झालं की कमी होते, आणि तिच्यात ताप किंवा जुलाब नसतात. नोरोची उलटी अचानक आणि जोरात येते, मागोमाग पातळ जुलाब, पोटात कळ, अंगदुखी, कधी बारीक ताप. समुद्र शांत आहे आणि शेजारच्या केबिनमध्येही कुणी उलट्या करतंय, तर बोट लागल्यावरची एव्होमिनची गोळी घेऊन निजू नका.

आता सगळ्यात अवघड सूचना. लगेच जहाजाच्या दवाखान्याला फोन करा. केबिनमधल्या फोनवर नंबर असतो. लोक फोन करत नाहीत, आणि का करत नाहीत ते मला ठाऊक आहे. दवाखान्याचं बिल डॉलरमध्ये येतं. केबिनमध्ये बसवून ठेवतील आणि उद्याचं मलेशियातलं लंकावी बेट बुडेल. ग्रुपमध्ये नाव होईल. हे सगळं खरं आहे. पण गुपचूप दोन गोळ्या घेऊन संध्याकाळच्या गरब्याला गेलेला एक माणूस पुढच्या दोन दिवसांत अर्ध्या ग्रुपला झोपवतो, आणि त्या ग्रुपमध्ये त्याची स्वतःची आई असते. सीडीसीच्या नियमांत आजारी प्रवाशाला लक्षणं थांबल्यावर किमान २४ तास केबिनमध्ये राहण्याचा सल्ला आहे. अन्न हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याला ४८ तास कामावर येता येत नाही. एक दिवसाचं पर्यटन बुडतं, एवढंच. जहाजावर चढण्याआधी भरून घेतात त्या आरोग्याच्या फॉर्मचंही हेच. "गेल्या दोन दिवसांत उलट्या-जुलाब?" या चौकटीत डोळे झाकून 'नाही' टिक करण्यात आपल्याला कसलाच संकोच वाटत नाही, आणि साथीची सुरुवात त्याच चौकटीतून होते.

केबिनमध्ये उलटी झाली तर टॉवेलने पुसत बसू नका. बाजूला व्हा, बाकीच्यांना बाहेर काढा, कर्मचाऱ्यांना बोलवा. त्यांच्याकडे हातमोजे आणि त्यासाठीची क्लोरीनची द्रावणं असतात, आणि हे त्यांचं रोजचं काम आहे. लाजू नका.

मग औषध काय? नोरोवर औषध नाही, अँटिबायोटिक तर अजिबात चालत नाही. 'असू दे जवळ' म्हणून नॉरफ्लॉक्स मागणाऱ्यांना मी ते चिठ्ठीशिवाय देत नाही. खरं औषध ओआरएस. ते किती खरं आहे याचा इतिहास आपल्याकडचाच आहे: १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपल्यावर मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं आणि कॉलऱ्याने मरणाऱ्यांचं प्रमाण तीसेक टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

ओआरएस घेताना पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटरच्या पुडीत साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं, मिळून साडेवीस ग्रॅम. टेट्रापॅकमधली गोड, आंब्या-संत्र्याची पेयं वर्षानुवर्षं ओआरएसच्या नावाखाली विकली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांना ते नाव वापरायला मनाई केली. घरात जुने पॅक पडले असतील तर ते सरबत म्हणून प्या, औषध म्हणून नेऊ नका. पुडी नेहमी पूर्ण लिटरभर पाण्यात एकदम विरघळवायची. अर्धी पुडी पेलाभर पाण्यात ढवळली तर द्रावण जास्त खारट होतं आणि लहान मुलाला ते अपायकारक ठरू शकतं. २०० मिलीच्या छोट्या पुड्याही मिळतात, प्रवासाला त्याच सोयीच्या. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्याने द्या. गटागटा प्यायलं की परत बाहेर. मधुमेह आहे म्हणून ओआरएस टाळू नका. पाणी कमी पडण्याचा धोका मोठा आहे, साखर मशिनवर तपासत राहा.

जुलाब थांबवणारी लोपरामाइडची गोळी मोठ्या माणसाने विमान पकडण्यापुरती घेतली तर ठीक. ताप असेल, शौचात रक्त असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल तर नाही.

आणि ज्येष्ठांसाठी एक गोष्ट, जी जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावी. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मेटफॉर्मिन आणि मधुमेहाच्या ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या, शरीरातलं पाणी भसाभस कमी होत असताना चालू ठेवल्या तर किडनीवर ताण येऊ शकतो किंवा रक्तात आम्ल वाढू शकतं. त्या दिवशी कुठली गोळी थांबवायची आणि कुठली काही झालं तरी सोडायची नाही, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. भर समुद्रात व्हॉट्सअॅपवर डॉक्टरांना गाठण्यापेक्षा कॉलेज रोडच्या क्लिनिकमध्ये बसून दहा मिनिटांत हे होतं.

हवेची साथ

इथे मास्क आणि खिडकी. डायमंड प्रिन्सेसचं नाव अजून लक्षात असेल. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाच्या बंदरात अडकलेल्या त्या जहाजावर ३,७११ माणसं होती आणि त्यातल्या ७१२ जणांना कोरोना झाला. १३८ भारतीय होते, त्यातले बहुतेक कर्मचारी. प्रवाशांना केबिनमध्ये बंद केल्यावरही कर्मचारी जेवण पोचवत राहिले, एकमेकांसोबत लहान खोल्यांत झोपत राहिले. आपल्याकडेही जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला पोचलेल्या एका जहाजावर ६६ जण बाधित निघाले होते.

आता कोरोनाचा तो काळ गेला, पण फ्लू आहे आणि गोवरही डोकं वर काढतोय. जहाजावर उत्तर गोलार्धातले आणि दक्षिण गोलार्धातले लोक एकत्र येतात, त्यामुळे फ्लूचा हंगाम नसतानाही फ्लू येतो. फ्लूची लस प्रवासाला निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यायची. विमानतळावर जायच्या आदल्या संध्याकाळी घेतलेली लस परतल्यावर कामाला येते. पासष्टीच्या पुढच्यांनी न्यूमोनियाच्या लशीबद्दलही विचारावं. गोवराचे दोन डोस झालेत का हे लहान मुलांच्या पिवळ्या कार्डावर एकदा बघून घ्या. गोवराचा रुग्ण खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, त्यामुळे तिथे अंतर ठेवून काही उपयोग नाही, लसच हवी.

साथ असेल तर लिफ्ट, थिएटर आणि कॅसिनो या तीन ठिकाणी एन-९५ लावा. बाकी वेळ उघड्या डेकवर काढा. समुद्राच्या वाऱ्याइतकी फुकट आणि चांगली सोय दुसरी नाही. बाल्कनीची केबिन परवडत असेल तर साथीच्या काळात तिचे पैसे वसूल होतात, कारण केबिनमध्ये राहायची वेळ आली तर निदान दार उघडता येतं.

तुषारांची वाट छोटी आहे पण कपटी. गरम पाण्याच्या हौदात, म्हणजे हॉट टबमध्ये, नीट क्लोरीन नसेल तर लीजनेला नावाचा जिवाणू वाढतो. त्याला २५ ते ४५ अंशांचं पाणी आवडतं. तुषारांतून तो फुफ्फुसात जातो आणि न्यूमोनिया होतो. माणसाकडून माणसाला सहसा होत नाही. पन्नाशीच्या पुढचे, धूम्रपान करणारे, दम्याचे किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी हॉट टब लांबूनच पाहावा. लक्षणं दोन ते चौदा दिवसांनी येतात, म्हणजे बहुतेक वेळा नाशिकला परतल्यावर. ताप आणि खोकला घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर 'क्रूझवर होतो, हॉट टबमध्ये बसलो होतो' हे वाक्य आवर्जून सांगा. नेहमीचं अॅमॉक्सिसिलिन यावर चालत नाही, वेगळं अँटिबायोटिक लागतं, आणि हे वाक्य ऐकल्याशिवाय डॉक्टरांच्या डोक्यात ते येणं कठीण.

बॅगेत काय

रोजच्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा; मोठी बॅग केबिनपर्यंत यायला कधी कधी संध्याकाळ होते. गोळ्या पट्टीतच न्या, डबीत मोकळ्या नकोत, आणि चिठ्ठीची प्रत सोबत. सिंगापूरला जाताना कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप किंवा झोपेच्या गोळ्या नेणार असाल तर आधी परवानगीचे नियम पाहा, तिथे हे हलक्यात घेत नाहीत. थर्मामीटर, ओआरएसच्या पुड्या, साबणाची छोटी वडी, एन-९५, बीपी-साखर असेल तर मशिन. प्रवास विमा घेताना क्रूझचा समावेश आहे का आणि जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात येतो का, हे दोन प्रश्न विचारा. बीपी-मधुमेह लपवून घेतलेला विमा ऐन वेळी कागद ठरतो. जहाजावर डॉक्टर असतो, नर्स असतात, पण तो दवाखाना आहे, मोठं हॉस्पिटल नव्हे.

परतल्यावर घरी पोट बिघडलेलं असेल किंवा नुकतंच बरं झालं असेल, तर लक्षणं थांबल्यानंतर किमान दोन दिवस दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करू नका. पाहुणे भेटवस्तू घ्यायला येतीलच. चॉकलेटं द्या, पोहे दुसऱ्याला करू द्या. आजारी माणसाचे कपडे आणि चादरी न झटकता वेगळ्या, गरम पाण्यात धुवा आणि उन्हात कडक वाळवा. संडास-बाथरूमसाठी फिनाइलवर विसंबू नका. दुकानात सोडियम हायपोक्लोराइट मिळतं; ५ टक्क्यांचं असेल तर लिटरभर पाण्यात २० ते २५ मिली, नळाची तोटी आणि फ्लशचं बटण धरून सगळीकडे लावा, पाचेक मिनिटं राहू द्या, मग धुवा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि त्यात अॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.